कळांसाठी गॅस घ्यायचा असेल तर: ठाण्यातल्या होणाऱ्या आयांसाठी

बाळंतपणाच्या कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून पाठीतून एपिड्युरल देतात, हे आता बहुतेकींना ठाऊक असतं. मास्कमधून ओढायचा गॅस मात्र अजून फारशा जणींना माहीत नाही, आणि ज्यांना माहीत असतो त्यांनाही तो कळा सुरू झाल्यावर आठवतो. तोवर उशीर झालेला असतो. मी दुसऱ्या बाळंतपणात हा गॅस घेतला. मी डॉक्टर नाही. पण त्याआधी भूलतज्ज्ञांना आणि लेबर रूममधल्या सिस्टरांना भरपूर प्रश्न विचारले होते, आणि त्यांनी शांतपणे बसवून सगळं समजावलं होतं. त्याचा मला जेवढा उपयोग झाला तेवढा तुम्हालाही व्हावा, म्हणून क्रमाने लिहिते. शेवटचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

१. कोणता गॅस, ते आधी समजून घ्या

हा नायट्रस ऑक्साइड, म्हणजेच लाफिंग गॅस. पण कळांसाठी तो नुसता देत नाहीत. निम्मा नायट्रस आणि निम्मा ऑक्सिजन असं तयार मिश्रण एकाच टाकीत येतं. एन्टोनॉक्स या नावाने ते ओळखलं जातं. आपल्या नेहमीच्या हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो, या मिश्रणात ५० टक्के. त्यामुळे हा गॅस ओढताना ऑक्सिजन कमी पडत नाही, उलट जास्तच मिळतो.

नायट्रसने वेदना बोथट होते हे हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०० च्या सुमारासच लिहून ठेवलं होतं. १८४४ मध्ये होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने हा गॅस घेऊन स्वतःचा दात काढून घेतला. बाळंतपणात तो सुरक्षितपणे वापरता यायला मात्र पुढे शंभराहून अधिक वर्षं गेली, कारण नुसता नायट्रस किंवा हवेत मिसळलेला नायट्रस घेतला की शरीराला ऑक्सिजन कमी पडायचा. दोन्ही वायू एकाच टाकीत भरून वापरण्याची पद्धत १९६१ मध्ये मायकल टनस्टॉल या डॉक्टरांनी मांडली, आणि ब्रिटनमध्ये ती सुईणींच्या हातात पोचली.

या गॅसने मी बेशुद्ध होईन का, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारते. ५० टक्क्यांनी होत नाही. नायट्रस हे फार दुबळं भूलऔषध आहे, इतकं की १०० टक्के दिलं तरी एकट्याने पूर्ण भूल देऊ शकत नाही. म्हणून ऑपरेशनच्या वेळी त्याच्या जोडीला दुसरी औषधं लागतात. कळांमध्ये तुम्ही जाग्या असता, बोलता, बाळ बाहेर आलेलं बघता.

अपेक्षाही आत्ताच नीट ठरवा. एपिड्युरलने कळांची वेदना जवळजवळ जाते. गॅसने ती जात नाही, तिची धार कमी होते. कळ येते, जाणवते, पण जरा लांबून येत असल्यासारखी वाटते. काही जणींना एवढ्याने पुष्कळ हायसं वाटतं, काहींना अजिबात पुरत नाही. मला पुरला. तुम्हाला पुरेल की नाही ते प्रत्यक्ष घेतल्याशिवाय कळत नाही. चांगली गोष्ट ही, की मास्क बाजूला केला की काही मिनिटांत अंमल उतरतो आणि मग दुसरा उपाय निवडता येतो.

२. तुम्हाला तो चालतो का, हे सातव्या महिन्यातच तपासा

या टप्प्यावर घाई करू नका. बहुतेक जणींना हा गॅस चालतो. पण ज्यांना चालत नाही त्यांना अजिबात चालत नाही, आणि त्यामागे दोन वेगळी कारणं आहेत.

पहिलं कारण बी-१२. नायट्रस ऑक्साइड शरीरातल्या बी-१२ जीवनसत्त्वाला निकामी करतं. साठा पुरेसा असेल तर बाळंतपणातल्या काही तासांच्या वापराने सहसा काही बिघडत नाही. साठा आधीच तळाला असेल तर मात्र मज्जातंतूंना इजा होऊ शकते. आपल्याकडे हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण बी-१२ मुख्यतः मांस, मासे, अंडी आणि दुधातून मिळतं. घर शाकाहारी असेल, दूध-दही बेताचंच असेल, तर कमतरता असण्याची शक्यता बरीच असते. मधुमेहासाठी किंवा पीसीओडीसाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतलेल्यांनी, ॲसिडिटीच्या गोळ्या दीर्घकाळ घेतलेल्यांनी आणि पोटाचं किंवा आतड्याचं ऑपरेशन झालेल्यांनीही हे लक्षात ठेवा.

इथे एक गैरसमज फार दिसतो. "मी लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेते, हिमोग्लोबिनही छान आहे, म्हणजे बी-१२ ठीकच असणार." तसं नसतं. त्या गोळ्यांमध्ये बी-१२ असेलच असं नाही, आणि फॉलिक ॲसिडमुळे रक्ताचा रिपोर्ट चांगला दिसत राहतो, आतली कमतरता तशीच लपून राहते. डॉक्टरांना सांगून बी-१२ ची वेगळी तपासणी करून घ्या. ती कोणत्याही लॅबमध्ये होते. सातव्या महिन्यात कमतरता कळली तर इंजेक्शन-गोळ्यांनी भरून काढायला वेळ असतो. नवव्यात कळली तर धावपळ होते.

दुसरं कारण शरीरात अडकलेली हवा. नायट्रस रक्तातून फार झपाट्याने पसरतो आणि हवेच्या बंद पोकळीत शिरतो. पोकळीतला नायट्रोजन मात्र तेवढ्या वेगाने बाहेर पडत नाही. मग ती पोकळी फुगते किंवा तिच्यातला दाब वाढतो. म्हणून यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका:

- फुप्फुसाभोवती हवा साठण्याचा त्रास आता आहे किंवा पूर्वी झाला आहे
- आतड्यात अडथळा आहे
- मधल्या कानाचं ऑपरेशन अलीकडे झालं आहे, किंवा सर्दीने कान पूर्ण बंद झाले आहेत
- डोक्याला मार लागला आहे
- नुकतंच स्कूबा डायव्हिंग केलं आहे (गरोदरपणात कुणी करणार नाही, पण हा गॅस इतर रुग्णांनाही देतात)
- रेटिनाच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडलेला आहे

शेवटचा मुद्दा सहज विसरला जातो. तो बुडबुडा विरायला काही आठवडे, कधी दोन महिनेही लागतात. तेवढ्यात नायट्रस घेतला तर डोळ्यातला दाब वाढून दृष्टी जाऊ शकते. आई, सासूबाई, मामा, घरात कुणाचंही असं ऑपरेशन झालं असेल तर त्यांनाही सांगून ठेवा, कारण त्यांना हा गॅस एखाद्या वेगळ्याच ऑपरेशनच्या वेळी दिला जाऊ शकतो.

३. हॉस्पिटलला नेमके प्रश्न विचारा

रिसेप्शनवर "तुमच्याकडे लाफिंग गॅस आहे का?" असं विचारलंत तर "हो" असं उत्तर मिळू शकतं आणि तरीही तुमच्या कामाचं काही नसू शकतं. ऑपरेशन थिएटरमधल्या भूल देण्याच्या मशीनला जोडलेला नायट्रस वेगळा. तो भूलतज्ज्ञच चालवतात. तुम्हाला हवी ती तयार मिश्रणाची टाकी लेबर रूममध्ये, खाटेशेजारी असावी लागते, आणि तिला असा व्हॉल्व्ह लागतो की तुम्ही श्वास ओढला तरच गॅस येतो, थांबलात की बंद होतो.

ठाण्यात नौपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत प्रसूतिगृहं भरपूर आहेत, पण ही सोय सगळीकडे मिळेल असं धरून चालू नका. कळवा, ऐरोली, वाशीकडेही हेच. शक्यतो लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टरांशी किंवा भूलतज्ज्ञांशी बोला आणि हे विचारा:

- मिश्रणाची टाकी लेबर रूममध्ये आहे का? रात्री आणि रविवारीही मिळते का?
- रात्रपाळीच्या सिस्टरांना ती वापरायची सवय आहे का?
- एक टाकी संपली तर दुसरी जागेवर असते का?
- खोलीत हवा खेळती आहे का, सोडलेला गॅस बाहेर काढायची व्यवस्था आहे का?
- मास्क आणि फिल्टर प्रत्येकीला नवा मिळतो का?
- पैसे कसे लावतात: तासावर, टाकीवर, की पॅकेजमध्येच धरलेले?
- गॅस पुरला नाही तर एपिड्युरल मिळेल का, आणि भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात?

पैशांचं उत्तर लेखी घ्या. महाराष्ट्रात नर्सिंग होमना दरपत्रक दर्शनी जागी लावावं लागतं, तेही बघून घ्या. विमा असेल तर मास्क-फिल्टरसारख्या वस्तूंचे पैसे कंपनी देते का, हे हॉस्पिटलमध्ये विम्याचे दावे बघणाऱ्या टीपीए डेस्कवर आधीच विचारा.

सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात नाव घातलं असेल तरी हे प्रश्न विचारायला संकोचू नका. वेदना कमी करण्याची सोय मागणं म्हणजे नखरे नव्हेत. एखाद्या ठिकाणी सोय नसेल तर नसेल. आधी कळलं की मनाची तयारी वेगळी होते.

४. फाइलमध्ये काय ठेवायचं

माता व बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड, विम्याचं कार्ड, रक्तगट आणि हिमोग्लोबिनचे रिपोर्ट, सगळ्या सोनोग्राफी, आणि वर ठळक दिसेल असा बी-१२ चा रिपोर्ट. एका वेगळ्या कागदावर चालू औषधं, ॲलर्जी, पूर्वीची ऑपरेशनं आणि "कळांसाठी गॅस हवा आहे, डॉक्टरांशी बोलणं झालं आहे" एवढं लिहून तो कागद सगळ्यात वर लावा. ड्यूटीवर कोण असेल सांगता येत नाही, आणि कळा जोरात असताना तुम्हाला हे सगळं बोलणं जमणार नाही.

संमतीपत्रही शक्यतो आधी मागून घरी वाचा.

पिशवीत पाण्याची बाटली आणि स्ट्रॉ टाका, कारण गॅसने तोंड फार सुकतं. ओठांना लावायला व्हॅसलीन किंवा तूप नको. नायट्रस आणि ऑक्सिजन दोन्ही आगीला जोर देतात, आणि दाबाखालच्या टाकीच्या व्हॉल्व्हजवळ तेलकट काही असणं धोक्याचं असतं. त्याच कारणाने खोलीत अगरबत्ती, दिवा, कापूर काही लावू द्यायचं नाही, मग घरातलं कितीही मोठं माणूस श्रद्धेने आणो.

५. निघताना आणि दाखल होताना

घोडबंदरला राहत असाल तर कापूरबावडी आणि गायमुखच्या कोंडीचा वेळ धरूनच निघा. ऐरोली किंवा नवी मुंबईत नाव घातलं असेल आणि पावसाळा असेल तर विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी तुंबतं, त्यामुळे दुसरा रस्ता डोक्यात ठेवा. गरोदर स्त्रियांसाठी १०२ आणि तातडीसाठी १०८ हे रुग्णवाहिकेचे नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

दाखल होताच सिस्टरांना गॅसबद्दल सांगा. कळांसाठी पेथिडिन किंवा ट्रामाडोलसारखं इंजेक्शन दिलं असेल, किंवा द्यायचं ठरत असेल, तर दोन्हींच्या गुंगीची बेरीज होते. अशा वेळी गॅस द्यायचा का आणि कशी देखरेख ठेवायची हे डॉक्टर ठरवतील. कुणी विचारलं नाही तरी तुम्ही विषय काढा.

६. मास्क कसा धरायचा, श्वास कसा घ्यायचा

गॅस उपयोगी पडला की नाही हे बरंचसं इथे ठरतं.

श्वासातून गेलेल्या गॅसचा परिणाम सुरू व्हायला २० ते ३० सेकंद लागतात आणि तो पूर्ण चढायला जवळजवळ एक मिनिट. कळही साधारण एक मिनिटाची असते आणि मधोमध सगळ्यात तीव्र होते. त्यामुळे दुखायला लागल्यावर मास्क उचलला तर कळ ओसरताना गॅस चढतो, आणि "मला काही फरकच पडला नाही" असं वाटतं. लोकल पकडायला गाडी दिसल्यावर जिना उतरून भागत नाही, तसंच हे. पोट घट्ट व्हायला लागल्याची पहिली चाहूल लागली की लगेच मास्क लावा. कळा ठरावीक अंतराने येत असतील तर घड्याळ बघून, पुढची कळ यायच्या अर्धा मिनिट आधीच सुरू करा.

मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकेल असा घट्ट धरा. माऊथपीस असेल तर ओठ नीट मिटून घ्या. श्वास ओढला की व्हॉल्व्हचा आवाज येतो. आवाज आला नाही तर गॅस आत जात नाही. मास्क कुठेतरी सैल आहे, किंवा श्वास फार वरवरचा आहे. हळू, खोल आणि सारख्या लयीत घ्या. भरभर धापा टाकल्या तर बोटांना, ओठांना मुंग्या येतात आणि डोकं गरगरतं. बऱ्याच जणी याचा दोष गॅसला देतात, पण पुष्कळदा कारण ती धाप असते.

श्वास सोडतानाही मास्क काढू नका, मास्कमध्येच सोडा. व्यवस्था असेल तिथे तो वापरलेला गॅस नळीवाटे बाहेर जातो. नाहीतर खोलीत पसरतो आणि तुमच्याजवळ उभ्या असलेल्या सिस्टरांच्या श्वासात जातो. त्या रोज तासन्‌तास तिथेच असतात, आणि त्यांच्यातली एखादी स्वतः गरोदर असू शकते.

कळ ओसरली की मास्क बाजूला करा आणि साधी हवा घ्या. दोन कळांच्या मध्ये गॅस ओढत राहिलात तर फक्त गुंगी आणि मळमळ वाढते, फायदा काही नाही. पहिल्या दोन-तीन कळांना ताल जमत नाही, नंतर जमतो. तेवढ्यावर सोडून देऊ नका.

जोर लावायची वेळ आली की बहुतेक जणी मास्क ठेवून देतात, कारण श्वास रोखून जोर लावणं आणि मास्क एकत्र जमत नाही. सिस्टर सांगतील तसं करा.

७. सोबत असणाऱ्यांनी हे वाचाच

मास्क आईच्याच हातात राहिला पाहिजे. तो दुसऱ्या कुणी तिच्या तोंडावर धरायचा नाही, पट्ट्याने बांधायचा नाही, उशीला टेकवून ठेवायचा नाही.

या गॅसची सगळी सुरक्षितता यात आहे. गुंगी जास्त झाली की हात आपोआप सैल पडतो, मास्क गळतो, साधी हवा आत जाते आणि ती पुन्हा जागी होते. "अगं, तू दमलीस, मी धरते" असं आई किंवा सासूबाई मायेने म्हणतात, नवराही पुढे होतो, आणि नेमका तो बचाव निघून जातो. माया दाखवायला इतर कामं आहेत. पोटावर हलका तळहात ठेवा. कळ आईला दुखायच्या आधी पोट कडक होताना हाताला कळतं. तेव्हा "आता घे" एवढंच सांगा. तिला स्ट्रॉने पाण्याचा घोट द्या. तिला एकटीला उठून बाथरूमला जाऊ देऊ नका, तोल जातो. आणि गंमत म्हणून स्वतः एकदा ओढून बघू नका.

८. त्रास झाला किंवा पुरेना झाला तर

मळमळ, गरगर, तोंड सुकणं, थोडं तरंगल्यासारखं वाटणं, कधी विनाकारण हसू किंवा रडू येणं हे होऊ शकतं. मास्क काढला की काही मिनिटांत जातं. उलटीची भावना आली तर आधी मास्क बाजूला, मग बाकी सगळं. कान दुखू लागला, छातीत दुखलं, श्वास लागला किंवा समोरची हाक लांबून आल्यासारखी वाटू लागली तर गॅस बंद करा आणि सिस्टरांना लगेच सांगा.

बाळाची काळजी वाटणं साहजिक आहे. गॅस वारेतून बाळापर्यंत पोचतो, पण बाळ जन्मून श्वास घेऊ लागलं की त्याच्याही फुप्फुसातून भराभर निघून जातो. त्याने कळाही मंदावत नाहीत.

पुरेना झाला तर स्पष्ट सांगा. गॅस घेऊन बघितला आणि मग एपिड्युरल घेतलं, यात कमीपणा नाही.

९. हाच गॅस इतरत्र भेटला तर

सिझेरियन बहुधा कमरेखालची भूल देऊन करतात. पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर इतर औषधांसोबत नायट्रस वापरला जाऊ शकतो, आणि ते सगळं भूलतज्ज्ञांच्या हातात असतं. तुमचं काम बी-१२, कान, डोळे, फुप्फुसं यांची माहिती खरी देण्याचं आणि उपाशी राहण्याच्या सूचना तंतोतंत पाळण्याचं.

लहान मुलांच्या दातांसाठी नाकावरच्या छोट्या मास्कमधून नायट्रस देतात. तिथे प्रमाण हळूहळू वाढवतात, आणि काम संपल्यावर काही मिनिटं नुसता ऑक्सिजन देतात. तो ऑक्सिजन पूर्ण होईपर्यंत मुलाला खुर्चीतून उतरवायची घाई करू नका. नाक चोंदलेलं असेल तर गॅस नीट जातच नाही. अशा वेळी अपॉइंटमेंट पुढे ढकललेली बरी.

१०. बाळंतपणानंतर

बाळाला लगेच छातीशी घेता येतं, पाजता येतं, गॅससाठी थांबावं लागत नाही. पहिल्यांदा उभं राहताना कुणाचा तरी हात धरा. डिस्चार्ज कार्डावर गॅस दिल्याची नोंद आहे का ते बघा, नसेल तर लिहून मागा. पुढच्या काही आठवड्यांत हातापायांना सतत मुंग्या येऊ लागल्या, पाय बधिर वाटले किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणून घरी शेक-शेगडी करत बसू नका. डॉक्टरांना भेटा, नायट्रस घेतला होता हे सांगा आणि बी-१२ पुन्हा तपासून घ्या.